जावईबापूंची परवानगी मागू नको

बेटा,

काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, ईसीजी तर नॉर्मल आला, आता कोणत्या तोंडानं भांडू?" तुझ्या सगळ्या बोलण्यात मला एकच गोष्ट खटकली. फ्लॅट स्कीमची लिफ्ट बंद असली की जावईबापू दुसऱ्या मजल्यावर थांबतात आणि मोबाइल काढून बघतात. फोन कोणाचाच आलेला नसतो. मिनिटभरानं पुन्हा चढायला लागतात.

अगं, मोबाइल कसला बघतात, दम खातात ते! चढताना छाती भरून येते, थांबलं की मोकळी होते, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची शंका घ्यायलाच हवी. तुझ्या हातातला ईसीजी पलंगावर निजवून काढलेला. तक्रार जिन्यावरची, तपासणी पलंगावरची! कार्डिओलॉजिस्टला जिन्याचं सांग. टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी), इको (हृदयाची सोनोग्राफी) की अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी), ते बघतील. पण बसल्या जागी दुखलं, किंवा आधीपेक्षा कमी चालण्यात दुखायला लागलं, तर अपॉइंटमेंट कसली घेतेस? थेट कॅज्युअल्टी.

आणि परवानगी मागू नको. "जाऊ या का?" असं विचारायचंच नाही. वय 44, गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, वडिलांना शुगर, पँटचा पट्टा पोटाखाली. अशा माणसाचं उत्तर ठरलेलं असतं : "मले काही नाही झालं, रात्रीची सावजीची तर्री बाधली." नर्सची नोकरी आयसीसीयूत, हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात, काढली मी. स्ट्रेचरमागून धावत येणाऱ्या बायका हेच सांगायच्या, "चला म्हटलं होतं सिस्टर, ऐकलंच नाही."

वय कमी आहे म्हणून निवांत राहू नको. 2004 साली 52 देशांतल्या रुग्णांचा इंटरहार्ट नावाचा अभ्यास आला, त्यात आपल्या दक्षिण आशियातल्यांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला.

छातीवर पाटा ठेवल्यासारखा दाब, जबडा, हात किंवा पाठ दुखणं, मळमळ, कूलरसमोर बसूनही गार घाम, असं काही दिसलं की 108 लाव. शुगरवाल्यांना कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो. 108 च्या डॉक्टरला विचारून ॲस्पिरिनची 300 मिलिग्रॅमची गोळी चावायला दे. ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव असेल तर नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मनानं देऊ नको, बीपी धाडकन पडतं. आणि स्कूटर? आमच्या शेजारचे भाऊ स्वतःच गाडी काढून निघाले होते. छत्रपती चौकाच्या सिग्नलच्या पुढे गेलेच नाहीत.

दवाखान्यात दहा मिनिटांच्या आत ईसीजी व्हायला हवा. पहिला नॉर्मल आला तरी गरज पडली तर पुन्हा काढतात, ट्रोपोनिन म्हणजे हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ताची तपासणीही करतात. "सुटी द्या" म्हणत तू मागे लागू नको.

मला सासरचे अजून कजाग म्हणतात. नणंदेच्या लग्नात ह्यांना भर पंगतीतून उठवून नेलं होतं मी. चेहरा पांढराफटक, कपाळ ओलं. निघाली ॲसिडिटी! मोठ्या जाऊबाई आजही लग्नात मठ्ठ्याचा ग्लास पुढे करतात आणि म्हणतात, "आधी ईसीजी काढायचा का गं?" हसोत. ॲसिडिटी आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? ह्यांना नव्हतं, मला नव्हतं, रक्त तपासेपर्यंत डॉक्टरलाही नव्हतं. तसा चेहरा पुन्हा दिसला तर पुन्हा उठवीन, विहीणबाई शेजारच्या पाटावर असल्या तरी. परवानगी मी तेव्हाही मागितली नव्हती.

येत्या सुटीला जावईबापूंना घेऊन जा. खर्रा सोडवायचाच आहे, पण ते भांडण आत्ता काढू नको, नाहीतर खर्ऱ्यावर वाद घालता घालता दवाखाना राहून जाईल. जुना ईसीजी, शुगर-कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट सोबत ठेव. जिन्याचं तूच सांग, ते सांगणार नाहीत. आणि नुसतं "ते चिडले" एवढं सांगायला मला फोन करू नको.

तुझी मावशी