सरकार समुद्रातील क्षेत्रे तेलशोधासाठी खुली करते म्हणजे नेमके काय करते?

सरकार समुद्रातील मोठमोठी क्षेत्रे तेल आणि वायूच्या शोधासाठी कंपन्यांना खुली करते तेव्हा तो समुद्र त्यांच्या मालकीचा होतो का आणि महाराष्ट्राला त्यातून काय मिळते, असे आपण विचारले आहे. माझ्या नोकरीचा बराचसा काळ भूकंपीय सर्वेक्षणाच्या (जमिनीत लहरी सोडून खालच्या थरांचा अंदाज घेण्याच्या) माहितीचे विश्लेषण करण्यात गेला, त्या आधारे उत्तर देतो.

मालकी मुळीच बदलत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 297 नुसार प्रादेशिक समुद्र, सागरमग्न खंडभूमी (भूखंडाचा पाण्याखाली गेलेला भाग) आणि अनन्य आर्थिक क्षेत्र (किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र) यांच्या तळाखालील खनिजे केंद्राच्या स्वाधीन आहेत. कंपनीला मिळतो तो ठरावीक मुदतीत शोध घेण्याचा आणि साठा सापडल्यास कराराप्रमाणे उत्पादन करण्याचा अधिकार. विहीर कोरडी निघाली, तर तिचा खर्च कंपनीनेच सोसायचा असतो.

2016 पूर्वी कोणते ब्लॉक, म्हणजे शोधासाठी आखलेली क्षेत्रे, लिलावात ठेवायचे हे सरकार ठरवत असे. आता राष्ट्रीय डेटा भांडारातील नकाशे आणि सर्वेक्षणे अभ्यासून कंपनी स्वतः क्षेत्र आखते व इरादापत्र देते. मात्र ते क्षेत्र तिला थेट मिळत नाही, तर त्यासाठी सर्वांकडून बोली मागवली जाते आणि मूळ प्रस्तावकाला काही गुण अधिक मिळतात. बोलीत किती सर्वेक्षण करू आणि किती विहिरी खोदू, याची हमी द्यावी लागते. पूर्वीच्या उत्पादन-वाटणी करारांत कंपनी आधी आपला खर्च वसूल करी, आणि तो खर्च वाजवी आहे की फुगवलेला यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील रिलायन्सच्या वायूक्षेत्राच्या प्रकरणात वर्षानुवर्षे वाद चालले. आता थेट महसुलातला वाटा ठरतो, जे मला अधिक स्वच्छ वाटते. 2019 पासून केरळ-कोकण खोऱ्यासारख्या कमी शोधल्या गेलेल्या भागांत तर महसूल-वाट्याची बोलीच नसते, केवळ शोधकार्याच्या हमीवर निवड होते. खोल समुद्रात विहिरीचा खर्च प्रचंड असल्याने तेथे पहिली 7 वर्षे स्वामित्वधनही (काढलेल्या तेल-वायूवर सरकारला द्यावी लागणारी रॉयल्टी) माफ आहे. उथळ समुद्रात ते 7.5 टक्के आहे.

बातम्यांत क्षेत्रफळाचे आकडे ठळक छापले जातात, उदाहरणार्थ फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या बोलीच्या दहाव्या फेरीत 25 ब्लॉक आणि सुमारे 1.92 लाख चौरस किलोमीटर. माझ्या मते या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. त्याच फेरीत बोलीची अंतिम मुदत एकाहून अधिक वेळा वाढवावी लागली, आणि गुंतवणूकदारांच्या उत्साहाविषयी ती गोष्ट क्षेत्रफळापेक्षा जास्त सांगते. ब्लॉक मिळाल्यानंतर हमी दिलेल्या विहिरी खरोखर खोदल्या गेल्या का, हे पाहावे. जमिनीखाली काय आहे याचा अंदाज भूकंपीय लहरी देतात, पण खात्री फक्त विहीरच देते. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरील मुंबई हायचा साठाही 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या तरंगत्या रिगने विहीर खोदली तेव्हाच सिद्ध झाला.

आता महाराष्ट्राविषयी. आसामला जमिनीवरील तेलाचे स्वामित्वधन मिळते, पण मुंबई हायचे स्वामित्वधन केंद्राकडे जाते, कारण ते क्षेत्र समुद्रात आहे. तिथल्या तेल-वायूवर प्रक्रिया करणाऱ्या उरणच्या प्रकल्पामुळे रोजगार आणि उद्योग आले हे खरे. परंतु सर्वेक्षणाची जहाजे लांबच लांब केबल ओढत फिरतात तेव्हा त्या भागात जाळी टाकता येत नाहीत, त्याचा फटका किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बसतो आणि पालघरमधील त्यांच्या संघटनांनी भरपाई मागितलेली आहे. क्षेत्र खुले करतानाच सर्वेक्षणाचे वेळापत्रक मासेमारीच्या हंगामाशी जुळवून घ्यावे आणि भरपाईची रक्कम जहाज निघण्यापूर्वी ठरवावी, अशी अट करारातच असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.