पंधरा मुलांकडून चामड्याच्या छोट्या वस्तू करून घ्यायच्या आहेत. सुरुवात कशी करू?

८ ते १२ वयाची पंधरा मुलं, हाताशी दोन तास, आणि हे काम तुम्ही पहिल्यांदाच घेताय. तेव्हा पर्स-पाकिटं तूर्त मनातून काढून टाका. कीचेनची पट्टी किंवा पुस्तकात ठेवायची खूण, यातलं काहीतरी एकच धरा. कापणं आणि भोकं पाडणं आदल्या दिवशी तुम्हीच उरकून ठेवा. मुलांना खरी ओढ ठोकाठोकीची असते, म्हणजे धातूचे ठसे हातोडीने ठोकून चामड्यावर अक्षरं-नक्षी उठवण्याची. त्यांचा सगळा वेळ तिथेच जाऊ द्या.

चामडं मात्र बघून आणा. मी पहिल्या वेळी बॅगा शिवणाऱ्याकडची मऊ, रंगीत कात्रणं फुकट मिळाली म्हणून उचलून आणली होती. मुलं जीव खाऊन ठोकत होती आणि ठसा उचलला की थोड्या वेळात चामडं जैसे थे! ते क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं होतं. त्यावर ठसा टिकत नाही. तुम्हाला झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, न रंगवलेलं, फिकट बदामी चामडं लागेल. ‘व्हेज टॅन’ म्हणून मागा. जाडी दीड-दोन मिलिमीटर पुरे.

आता भिजवणं. निम्मं काम इथेच होतं किंवा बिघडतं. ओल्या स्पंजने पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायची. मधेच तेवढी ओली केली तर वाळल्यावर पाण्याची कड दिसते. ओलं होताच रंग गडद होतो, पण लगेच हातोडी उचलायची नाही. रंग पुन्हा फिका होत आला, पण पट्टी गालाला लावली तर अजून गार लागते, तेव्हा ठोकायचं. फार ओल्या चामड्यावर ठसा पुसट होतो, कोरड्यावर नीट उठतच नाही. ही गालाची परीक्षा मुलांना भलतीच आवडते. दर अर्ध्या मिनिटाला कोणीतरी पट्टी गालाला लावून ‘झालं का?’ विचारतंच. तेवढ्या वेळात त्यांना उरल्यासुरल्या तुकड्यांवर हात साफ करू द्या, कारण खऱ्या पट्टीवर चुकलेला ठसा खोडता येत नाही.

ओल्या पट्टीवर कात्री किंवा स्टीलची पट्टी ठेवू नका. टॅनिन आणि लोखंड ओल्यात भेटले की निळसर काळे डाग पडतात.

हातोडी लाकडी किंवा रबरी घ्या. लोखंडी हातोडीने ठशांची डोकी चेपतात. खाली ग्रॅनाइटचा तुकडा, तोही टेबलाच्या पायाच्या बरोबर वर. मधोमध ठेवलात तर टेबल उसळतं. ठसा खालच्या बाजूला धरून बोटं चामड्याला टेकवायची आणि एकच दमदार घाव. लाजरी मुलं तीन-चार वेळा हळूहळू टोकरतात, ठसा जरासा सरकतो आणि अक्षर दुहेरी दिसतं. एका ठोकण्याच्या जागेवर दोनच मुलं, एक ठोकणारं आणि एक बघणारं. आवाज भयंकर होतो, शेजारच्या खोलीला आधी सांगून ठेवा.

नाव सगळ्यांनाच हवं असतं. अक्षरांचे ठसे सहसा इंग्रजीच मिळतात. तिथे मधल्या अक्षरापासून सुरुवात करून दोन्हीकडे जायचं, नाहीतर शेवटचं अक्षर पट्टीबाहेर जातं. मराठी नावासाठी माझा उपाय म्हणजे शाई संपलेलं बॉलपेन. ट्रेसिंग पेपरवर नाव लिहायचं, तो ओलसर पट्टीवर चिकटपट्टीने पक्का करून अक्षरं दाबून गिरवायची. शिरोरेघ प्लास्टिकच्या पट्टीने शेवटी. खरं सांगायचं तर ठशांपेक्षा हेच जास्त देखणं दिसतं.

शिवणकाम पहिल्याच वेळी नको. पुढे कधी घ्याल तेव्हा बोथट सुया आणि शिवणीच्या चौपट लांब, मेण लावलेला दोरा घ्या. रंग तर मी मुलांच्या हाती देतच नाही, कपड्यांवरून निघत नाही.

पट्ट्या लगेच घरी नेऊ देऊ नका. ओलसर चामड्यावर नखाचासुद्धा व्रण राहतो. रात्रभर सावलीत सपाट वाळवायच्या, उन्हात ठेवल्या तर कडक होतात. कड्या आणि टिचबटणं मी दुसऱ्या दिवशी स्वतः बसवतो. मागे प्रत्येकाचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवायला विसरू नका, वाळल्यावर पंधराही पट्ट्या ‘माझीच’ असतात.