अमेरिकेत एफ-१ व्हिसा संपला आणि सेव्हिसही टर्मिनेट झालं. आता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की पासपोर्टवरचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा जूनमध्येच संपला होता, मागच्या आठवड्यात कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसचा 'सेव्हिस रेकॉर्ड टर्मिनेट' (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेतली नोंद रद्द) असा मेल आला, आणि घरी अजून सांगितलेलं नाही. मी वकील नाही. पण २०१८च्या जानेवारीत असाच मेल मलाही आला होता, त्यामुळे त्या रात्री पोटात कसा गोळा येतो ते ठाऊक आहे.

आधी व्हिसाची काळजी बाजूला ठेवा. पासपोर्टवरचा तो कागद म्हणजे वेशीवर दाखवायची चिठ्ठी. एकदा आत आलात की तिची तारीख उलटली तरी बिघडत नाही. पुढच्या वेळी बाहेर जाऊन परत यायचं असेल तेव्हा नवी लागते. तुम्ही इथे राहू शकता की नाही हे ठरतं तुमच्या स्टेटसवर, म्हणजे आय-२० (कॉलेजने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र), सेव्हिसमधली नोंद आणि आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद) यांवर. आय-९४ ऑनलाइन काढून बघा. तिथे तारखेऐवजी 'डी/एस' (ड्युरेशन ऑफ स्टेटस, म्हणजे स्टेटस आहे तोवर) असेल, तर जोवर नियमाने शिकताय तोवर मुक्काम वैध. तारीख छापलेली असेल तर गणित वेगळं, आणि वकील आजच गाठा.

म्हणजे तुमचं खरं दुखणं टर्मिनेशनचं आहे. ते कशामुळे झालं, यावर पुढचं सगळं अवलंबून. मेलमध्ये कारण नसेल तर डीएसओला (इंटरनॅशनल ऑफिसमधली, तुमची सेव्हिसची नोंद सांभाळणारी अधिकारी) लेखी विचारा. सेव्हिसमध्ये प्रत्येक टर्मिनेशनला एक ठरावीक कारण निवडावंच लागतं. आय-२०ची मुदत वाढवायची राहिली, क्रेडिट कमी पडले, नोंदणीच झाली नाही, परवानगीशिवाय काम केलं, ही नेहमीची कारणं. कधीकधी चूक ऑफिसचीच असते, मग ती दुरुस्त करून घेता येते. २०२५च्या वसंतात तर सरकारनेच हजारो मुलांची रेकॉर्ड्स एका फटक्यात टर्मिनेट केली होती आणि कोर्टात दाव्यांची रांग लागल्यावर एप्रिलअखेरीस ती परत चालू करायला सुरुवात केली.

माझं कारण होतं 'परवानगीशिवाय पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या खाली घसरणं'. ऑक्टोबरात मिरजेहून फोन आला की आबांची बायपास करावी लागणार. डोकं ठिकाणावर नव्हतं. मास्टर्सला आमच्याकडे ९ क्रेडिट लागत, मी एक विषय सोडला आणि ६वर आलो. पोर्टलवर बटण दाबलं, विषय गेला, कुणी हटकलं नाही. मला वाटलं झालं. डीएसओला एक मेल टाकला असता तर तिने रीतसर रजा लावून १५ दिवसांत घरी जायला सांगितलं असतं. कमी क्रेडिटची सूट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आजारपणासाठी मिळते, वडिलांच्या नाही, हेही तेव्हाच कळलं असतं.

अशा वेळी मुख्य वाटा दोन.

पहिली रीइन्स्टेटमेंट. देश न सोडता यूएससीआयएसकडे (इमिग्रेशनचे अर्ज तपासणारं सरकारी खातं) आय-५३९ अर्ज करून स्टेटस परत मागायचं. त्यासाठी डीएसओने शिफारस केलेला नवा आय-२० लागतो, म्हणजे आधी कॉलेजला पटवायला हवं. स्टेटस गेल्यापासून ५ महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. उशीर झाला तर असाधारण कारण दाखवावं लागतं आणि सेव्हिसची ३५० डॉलर फीही पुन्हा भरावी लागते. अर्जाची फी २०२४च्या एप्रिलपासून ऑनलाइन ४२० आणि कागदी ४७० डॉलर आहे. सिद्ध काय करायचं? की जे घडलं ते तुमच्या हाताबाहेरचं होतं: गंभीर आजार, अपघात, कॉलेज बंद पडणं, डीएसओचा हलगर्जीपणा. किंवा क्रेडिट कमी करायला डीएसओ परवानगी देऊ शकली असती, पण ती मागायची राहिली आणि आता स्टेटस मिळालं नाही तर मोठं नुकसान होईल. परवानगीशिवाय एक दिवसही काम केलं असेल तर ही वाट जवळजवळ बंद समजा. निकालाला महिनोन्‌महिने लागतात, तोवर वर्ग चालू ठेवायचे आणि काम अजिबात करायचं नाही, कॅम्पसवरचंही नाही. नकार आला तर अपील नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजायला लागतात.

ते दिवस नीट समजून घ्या. १८० दिवसांच्या वर बेकायदा मुक्काम करून देश सोडला तर ३ वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा जास्त झाला तर १०. मात्र डी/एसवर आलेल्या विद्यार्थ्याचं मोजमाप स्टेटस गेल्या दिवसापासून सुरू होत नाही. यूएससीआयएसने अर्ज तपासताना तसा निष्कर्ष काढला किंवा इमिग्रेशन जजने आदेश दिला की मगच होतं. २०१८मध्ये सरकारने हे बदलू पाहिलं, २०२०मध्ये कोर्टाने रोखलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये डी/एसच काढून ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव आला, म्हणून जुन्या उत्तरांवर (माझ्याही) विसंबण्याआधी आजचा नियम विचारून घ्या. आणि दिवस मोजले जात नाहीत म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. स्टेटस नसलेल्या माणसाला हद्दपारीची नोटीस कधीही निघू शकते.

दुसरी वाट मी घेतली. देश सोडायचा, नवा आय-२० घ्यायचा, सेव्हिसची फी पुन्हा भरायची आणि नव्याने आत यायचं. माझी केस रीइन्स्टेटमेंटसाठी लंगडी आहे, असं कॉलेजच्या मोफत विधी सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंनी तोंडावर सांगितलं. तिकीट काढलं. आबांना घेऊन सकाळी फिरायला जाता आलं, एवढं त्यातल्या त्यात बरं. जुलैत मुंबईत बीकेसीला, अमेरिकन वकिलातीत व्हिसाची मुलाखत झाली. डीएस-१६०मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, 'व्हिसाच्या अटी मोडल्या होत्या का' असा प्रश्न असतो. तिथे मी 'हो' लिहिलं आणि खाली चार ओळींत खरं कारण दिलं. नातेवाईकांतल्या एका शहाण्याने 'नाही' लिही म्हटलं होतं. खोटं पकडलं गेलं असतं तर ती बंदी कायमची. अधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारले, व्हिसा मिळाला. प्रत्येकाला मिळतोच असं नाही, हा या वाटेचा मोठा धोका. आणि किंमतही मोजली: नव्या रेकॉर्डवर सीपीटी-ओपीटीसाठी (शिक्षणाशी निगडित कामाच्या परवानग्या) लागणारं एक शैक्षणिक वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, पुढची इंटर्नशिप सीपीटीखेरीज करता येणार नव्हती, ती हुकली.

पूर्वी लोक मेक्सिकोत जाऊन शिक्का मारून यायचे. २०२५च्या सप्टेंबरपासून स्वतःच्या देशात किंवा राहत्या देशातच अर्ज करा असा आदेश आहे, तेव्हा महाराष्ट्रातल्या मुलांनी मुंबईच धरून चालावं.

बाकीचं थोडक्यात. एच-४ (नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचं स्टेटस) वगैरेत स्टेटस बदलायला मुळात चालू स्टेटस लागतं, त्यामुळे तुमच्यासाठी ते सहसा नाही. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं आणि प्रवेश रीतसर झालेला असेल तर मुदत उलटूनही ग्रीनकार्डचा अर्ज करता येतो, पण ते लग्न खरंखुरं असायला हवं, कागदापुरतं नाही. असायलम, म्हणजे आश्रय, मायदेशी खरा धोका असलेल्यांसाठी आहे.

तुम्ही दुसऱ्या प्रश्नाखाली 'वर्गात न जाता आय-२० देणाऱ्या' कॉलेजबद्दल विचारलेलं दिसलं. नका. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ तसंच होतं, आणि ते सरकारनेच सापळा म्हणून उघडलं होतं. २०१९मध्ये ते उघडकीस आलं तेव्हा अडकलेल्यांत बहुतेक आपली भारतीय मुलं होती.

घरी सांगण्याबद्दल. माझ्या शिक्षणकर्जाला आमचं राहतं घर तारण होतं, म्हणून मी ११ दिवस गप्प होतो. शेवटी आईला आधी सांगितलं, आबांना तिने. दोघांनी पहिला प्रश्न विचारला तो तिकिटाला पैसे आहेत का हा.

नोकरी चालू असेल, रेस्टॉरंटमधली रोखीतलीसुद्धा, तर आजच थांबवा, आणि वकिलापासून ते लपवू नका. डीएसओशी बोलताना लक्षात असू द्या की तिला सेव्हिसमध्ये कळवावं लागतं. ती तुमची वकील नव्हे. तिच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या, टर्मिनेशनचं कारण आणि तारीख. त्या इथे खाली लिहिल्यात तर ५ महिन्यांतले किती उरले ते आपण मोजू. सेव्हिस नंबर आणि पासपोर्ट नंबर मात्र टाकू नका.