चर्च सुटलं, पण येशू सुटत नाही

"मॅडम, मी चर्चला जाणं सोडलंय. पण येशूला सोडवत नाही. मग मी नेमकी कोण?"

मी समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. नाशिकच्या शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती घरांतून येतो, नाशिकरोडच्या कॅथलिक कुटुंबांतून येतो, आणि हिंदू घरात वाढलेल्या, बाप्तिस्मा न घेता रोज येशूची प्रार्थना करणाऱ्या तरुण मुलामुलींकडूनही येतो. विचारणाऱ्याचा आवाज मात्र एकच असतो: दबका, काहीतरी चोरल्यासारखा. आपल्याकडचा ख्रिस्ती समाज लहान, सगळे एकमेकांना नावानिशी ओळखणारे. रविवारी बाकावर कोण नव्हतं, हे दुपारच्या जेवणापर्यंत चार घरांत पोचलेलं असतं. त्यामुळे हा माणूस आधी समाजाला तोंड चुकवतो आणि मग हळूहळू देवालाही चुकवायला लागतो. ही दुसरी पायरी टाळता येते. त्यासाठीच हे लिहिते आहे.

एका बाईंची गोष्ट सांगते. तीत आणखी काहींचे अनुभव मिसळले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाळिशी ओलांडलेल्या, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. आजोबांच्या काळापासून घर चर्चचं. त्या गायनवृंदात होत्या, संडे स्कूलमध्ये शिकवायच्या. कमिटीच्या निवडणुकीवरून वाद झाला, भर सभेत त्यांच्या घराण्याबद्दल बोललं गेलं आणि त्यांनी जाणं बंद केलं. म्हाताऱ्या आईला मात्र दर रविवारी अॅक्टिव्हावरून फाटकापाशी सोडायच्या आणि समोरच्या चहाच्या टपरीवर उपासना संपेपर्यंत बसून राहायच्या.

"आत पहिलं गीत सुरू झालं की पोटात कळ येते," त्या म्हणाल्या. "देव बोलावतोय म्हणून येते, की शिक्षा करतोय म्हणून, ते कळत नाही."

"घरी प्रार्थना होते?"

"रोज. पहाटे पाचला, नळाला पाणी यायच्या आधी."

"ती खरी वाटते?"

"तीच खरी वाटते. म्हणून तर भीती वाटते."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. तिचे जनक अल्बर्ट एलिस स्वतः नास्तिक होते, आणि म्हणून श्रद्धावान माणसं या पद्धतीला बिचकतात. बिचकायचं कारण नाही. ती देवावर वाद घालत नाही. माणसाने स्वतःला घातलेल्या "असंच झालं पाहिजे, नाहीतर मी वाईट" या अटीवर ती बोट ठेवते. या बाईंची अट होती, "दर रविवारी त्या बाकावर बसले तरच मी ख्रिस्ती." पण अट सापडली म्हणून ती लगेच सुटत नाही. तिच्याखाली काय दडलंय ते पाहावं लागतं.

म्हणून त्यांना एक काम दिलं. चर्चला जाणं थांबल्यापासून आयुष्यातलं काय काय थांबलं, त्याची यादी करून आणायची. विचार करून सुंदर लिहायचं नाही, आठवेल तसं लिहायचं. पुढच्या भेटीत त्यांनी वहीचं पान काढून वाचलं. गाण्यातला दुसरा आवाज. शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या मावशी, ज्या उपासनेत एकमेकांना शांती देण्याच्या वेळी हात दाबून धरायच्या. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. नाताळच्या फराळाची ताटं. संडे स्कूलची मुलं. पान संपलं असं वाटलं, पण तळाशी बारीक अक्षरात आणखी एक शब्द होता, तो त्यांनी वाचला नव्हता.

"हे काय लिहिलंय?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माती. वडिलांच्या कबरीशेजारी जागा आहे. चर्चच्या सभासदांच्या वहीतून माझं नाव कापलं तर मला तिथे घेतील का? नाही घेतलं तर माझी माती कोण करणार?"

मी एवढंच विचारलं, "या यादीत देव कुठे आहे?"

त्यांनी पान पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवून वाचलं. "नाही," त्या म्हणाल्या. "तो थांबलेलाच नाही." आणि रडल्या. त्या खोलीत मी पाहिलेल्या रडण्यांपैकी हे सर्वांत मोकळं रडणं असावं.

इतकी वर्षं त्या ज्याला पाप समजत होत्या, त्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची गुंतागुंत होती: देवाशी असलेलं नातं, माणसांचा विरह आणि एक कागदोपत्री काळजी. देवाचं नातं शाबूत होतं. विरहाला शोक करायला जागा हवी होती. कागदाच्या काळजीला कागदच हवा होता. तिन्ही एकाच नावाखाली, "मी अश्रद्ध झाले" म्हणून सहन केलं, तर एकावरही उपाय होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गाठ इथेच असते आणि ती सुटताना पाहणं हे या कामातलं मोठं समाधान आहे.

पुढच्या वेळी त्या बायबल घेऊनच आल्या. बेचाळिसावं स्तोत्र उघडलं. मंदिरापासून दूर पडलेला तो स्तोत्रकर्ता आपण लोकांच्या मेळ्यात गात देवाच्या घरी कसे जायचो, हे आठवून व्याकूळ होतो. आणि तरी त्याच स्तोत्रात तो देवाशी बोलतोच आहे. "हे लहानपणापासून पाठ आहे," त्या म्हणाल्या, "पण ही माझीच कळ आहे, हे आज दिसलं."

आता उपायांकडे येते. कागदापासून सुरुवात करते, कारण भीती तिथून आधी कमी होते.

कायद्याच्या नजरेत तुम्ही ख्रिस्ती आहात की नाही, हे रविवारच्या हजेरीवर ठरत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा तर ख्रिस्ती धर्माचं "कोणतंही रूप" मानणाऱ्याला भारतीय ख्रिस्ती म्हणतो. वारसाहक्काची काळजी त्यामुळे सोडा. लग्नासाठी चर्चबाहेरही वाट आहे. १८७२ च्या कायद्याखाली विवाह निबंधकासमोर लग्न होतं, किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. दुसऱ्या वाटेत नोटिशीचे ३० दिवस धरावे लागतात, नोटिशीआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं आणि तीन साक्षीदार लागतात. मिशनच्या मालकीच्या दफनभूमीचं मात्र वेगळं आहे. तिथे त्या त्या चर्चचे नियम चालतात. म्हणून रागाच्या भरात राजीनामा देऊ नका, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. जाणं थांबवणं आणि नाव काढून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी उलटवणं फार जड जातं. बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) दाखल्यांच्या प्रती काढून ठेवा. सेक्रेटरींना साधं पत्र लिहा: माझं सभासदत्व आज कोणत्या स्वरूपात आहे, वर्गणी किती थकली आहे, कौटुंबिक कबरीच्या जागेचा नियम काय. उत्तर लेखी घ्या. या बाईंनी थकलेली वर्गणी भरली आणि पावती आईच्या पेटीत ठेवली. त्या रात्री गोळी न घेता झोपल्याचं त्यांनी कळवलं.

मग रोजची साधना. एकट्याने चालणाऱ्यांची साधना उत्साहाच्या पहिल्या महिन्यानंतर ढासळते, आणि कारणं ठरलेली असतात. एक तर माणूस उत्पत्तीपासून बायबल वाचायला घेतो आणि लेवीय या पुस्तकातल्या यज्ञनियमांत अडकतो. त्याऐवजी मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळाच अध्याय आहेत, रोज एक घेतला तर सोळा दिवसांत पुरा होतो. सोबत स्तोत्रं घ्या. दीडशे आहेत, रोज पाच वाचली तर महिन्यात एक फेरी, आणि पाच जड वाटली तर रोज एक. दुसरं कारण, वेळ मोठी ठरवली जाते. वीस मिनिटं पुरेत: वाचन दहा, गप्प बसणं पाच, मागणं पाच. गप्प बसणं गाळू नका, तेच आधी गळतं. आणि राग आला असेल तर तो प्रार्थनेतच बोला. तेरावं आणि अठ्ठ्याऐंशीवं ही स्तोत्रं सरळ तक्रारीची आहेत. ती वाचली की देवापुढे शहाण्यासारखं वागण्याचा ताण उतरतो.

वचनं एकमेकांवर फेकू नका. आई म्हणणार, एकत्र मिळणं सोडू नका असं इब्री लोकांस पत्रात आहे. तुम्ही म्हणणार, खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर असं मत्तयात आहे. दोन्ही आहेत. लूक सांगतो की येशू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथाला सभास्थानात गेला. मार्क सांगतो की तो पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. पाचला उठणाऱ्या बाईंना हा दुसरा उतारा मी मुद्दाम दाखवला.

आपल्या मातीतली उदाहरणंही आहेत. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांची गीतं या बाईंना तोंडपाठ होती, पण टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला "देवाचा दरबार" मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या धर्मभगिनींशी सिद्धांतांवरून पत्रांतून स्पष्ट वाद घातला. श्रद्धा टिकवून त्या वाद घालू शकल्या. प्रभुभोजनाची उणीव मात्र मी कुणाला गोड बोलून झाकू देत नाही. बहुतेक परंपरांत ते एकट्याने घेता येत नाही, आणि ज्याला त्याची ओढ आहे त्याला ते दुखणारच. एवढं लक्षात असू द्या की मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथात बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी नाहीत, आणि ते लोक मनापासून ख्रिस्ती आहेत.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. एकट्या माणसाला कुणी टोकत नाही. काही वर्षांत त्याचा देव त्याच्या प्रत्येक मताला मान हलवू लागतो, त्याच्या नावडत्या माणसांवरच रागावतो. हे लक्षण दिसलं की सावध व्हा. महिन्यातून एकदा तरी एक-दोन जणांबरोबर वाचायला बसा, आणि त्यांतला एक तुमच्याशी असहमत होणारा निवडा. दोघे-तिघे जमले तरी पुरे, हे तर येशूनेच म्हटलंय. दानपेटीत जाणारी रक्कमही थांबवू नका. ती रुग्णालयात द्या, कुणाच्या फीसाठी द्या, पण दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बाजूला काढा. देण्याची सवय फार लवकर सुटते.

दोन ठिकाणी हे सगळं पुरत नाही. चर्चमधल्या कुणी शारीरिक किंवा लैंगिक त्रास दिला असेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न नाही, तो गुन्हा आहे आणि त्याची वाट पोलिसांकडे जाते. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कशातच रस नसेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

बाईंचा शेवटचा प्रश्न मुलाचा होता. तो पंधरा वर्षांचा, दृढीकरणाचे वर्ग सुरू होणार होते. "मीच जात नाही, त्याला कुठल्या तोंडाने पाठवू?" मी म्हटलं, तुमचं भांडण त्याच्या दप्तरात भरू नका, आणि तुमचं मौनही भरू नका. त्याला काय झालं ते दोन वाक्यांत सांगा आणि निवड त्याच्यावर सोडा. त्यांनी सांगितलं, "माझं तिथल्या माणसांशी बिनसलं. येशूशी बिनसलेलं नाही. तुला जायचं असेल तर मी सोडायला येईन." तो गेला. त्या अजून रविवारी आत जात नाहीत. नाताळला कॅरलच्या चमूत मात्र दुसरा आवाज पुन्हा त्यांचा असतो, आणि हात दाबणाऱ्या मावशींकडे दर बुधवारी संध्याकाळी त्या दोघी मिळून एक स्तोत्र वाचतात. आधी चहा होतो. मावशींना बाईंची बरीच मतं पटत नाहीत.