रनफ्लॅट काढून साधे ट्यूबलेस टाकल्यावर छोटी स्टेपनी सोबत ठेवावी का?

तुम्ही लिहिलंय की २०१६ची बीएमडब्ल्यू ३२०डी सेकंडहँड घेतली, रनफ्लॅट झिजले म्हणून चारही चाकांना त्याच मापाचे, म्हणजे २२५/५० आर १७चे साधे ट्यूबलेस टाकले, आणि आता लक्षात आलं की डिकीत स्टेपनीच नाही. टायरवाला म्हणतो पंक्चर किट पुरे. पुण्याहून कणकवलीला गावी जाणं असतं आणि तुमच्या मिसेस बऱ्याचदा एकट्या साताऱ्याला जातात. तर किटवर भागवावं की छोटी स्टेपनी घ्यावी, असा तुमचा प्रश्न आहे.

घ्या. किटही ठेवा. रोज ऑफिसला जाताना स्टेपनी घरी राहिली तरी चालेल, पण घाट उतरून कोकणात जाताना ती गाडीत असलीच पाहिजे. माझ्याकडे याच पिढीची गाडी आहे (कंपनीच्या भाषेत एफ३०), मीही रनफ्लॅट सोडून साध्या टायरवर आलोय आणि गादीसारखी चाल मिळाल्यावर परत जायची माझी तयारी नाही. पण टायर बदलले की गाडीचा एक आधार काढून घेतला जातो, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी तो आधार काय होता ते बघू. रनफ्लॅटची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) इतकी जाड आणि कडक असते की आत हवा शून्य असली तरी ती गाडीचं वजन पेलते. कंपन्या साधारणपणे ताशी ८० किमी वेगाने ८० किमीपर्यंत जाता येईल असं सांगतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे ९४.५ किमीचा आहे, म्हणजे जवळजवळ तेवढं अंतर. साध्या टायरला हे जमत नाही. हवा गेली की साइडवॉल रिमखाली दुमडते, रिम तिला कापत जाते आणि काहीशे मीटरमध्ये टायर कायमचा बाद होतो, कधीकधी रिमही. त्यामुळे आजवरची सवय बदला. पंक्चरचा दिवा लागला की "पुढच्या पंपावर बघू" म्हणायचं नाही, जिथे सुरक्षित बाजूला घेता येईल तिथे लगेच थांबायचं. आणि नवे टायर बसवल्यावर गाडीच्या मेनूत जाऊन टायर प्रेशर रीसेट केलं का, तेही बघा. चाकांच्या फिरण्यावरून हवा ओळखणारी यंत्रणा असेल तर ती रीसेट केल्याशिवाय बरोबर इशारा देत नाही.

टायरवाल्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खिळा किंवा स्क्रू टायरच्या तळव्यात घुसला तर किटने काम होतं. किटमध्येही मी फेस भरायच्या बाटलीपेक्षा सळई, तिने भोकात खुपसायची रबरी पट्टी आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर पसंत करतो. बाटलीतला चिकट द्रव साधारण ४ मिमीपर्यंतचं भोक बुजवतो, पण तो टायरभर पसरतो, नंतर पंक्चरवाल्याला आतून साफ करत बसावं लागतं, आणि बाटलीला मुदतही असते. सेकंडहँड गाडीतली बाटली बहुधा मुदत संपलेलीच असते, तारीख वाचा. पट्टी मारणं एकदा शिकलात की तेच काम निम्म्या कटकटीत होतं. खिळा हळूहळू हवा सोडत असेल तर तो न काढता नुसती हवा भरून पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. नवशिक्याने आधी हेच करावं.

पण आपल्याकडे टायर नुसते खिळ्याने जात नाहीत. खड्ड्याच्या धारदार कडेवर आपटून साइडवॉल फाटते, फुगा येतो, रिमला पोचा पडून हवा धरत नाही. दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरताना समोरून ट्रक आला म्हणून मला डावीकडची चाकं साइडपट्टीवर घ्यावी लागली, आणि परत डांबरावर येताना तुटलेल्या कडेने मागचा टायर बोटभर कापला. तिथे पट्टी, फेस, कंप्रेसर यांतलं काहीही उपयोगाचं नव्हतं. साइडवॉलचा काप कोणत्याच किटने बुजत नाही आणि कोणी बुजवून देत असेल तरी घेऊ नये. छोटी स्टेपनी होती म्हणून कणकवलीपर्यंत आलो. तिथे पंक्चरवाले भरपूर भेटले, पण या मापाचा टायर कोणाकडेच नव्हता, तो कोल्हापूरहून मागवावा लागला. छोट्या गावात तुमच्या मापाचा टायर मिळणं हा नशिबाचा भाग आहे. खरं सांगायचं तर रनफ्लॅट असते तरी हीच अडचण आली असती, कारण त्या ८० किमीच्या टप्प्यात टायर मिळायला तर हवा.

आता स्टेपनी कुठली घ्यायची? इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"बीएमडब्ल्यूचीच आहे साहेब" एवढ्यावर घेऊ नका. तुमच्या गाडीच्या चाकाला पाच बोल्ट १२० मिमीच्या वर्तुळात आहेत आणि मधलं भोक ७२.६ मिमी. त्यानंतरच्या पिढीत (जी२०) कंपनीने हे वर्तुळ ११२ मिमी केलं. दोन्ही थ्री सिरीज, तरी एकीची स्टेपनी दुसरीला लागत नाही. उलट काही दुसऱ्या कंपन्यांच्या रिमचं वर्तुळ १२०चं असतं, पण मधलं भोक लहान असतं, मग ती हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर) बसतच नाही. भोक मोठं असेल तर चाक मध्यावर बसत नाही आणि थरथरतं.

टायरच्या बाजूवर माप बघा. टी १३५/८० आर १७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. टी म्हणजे तात्पुरता. तुमच्या २२५/५० आर १७ टायरचा व्यास सुमारे ६५७ मिमी येतो. टी १३५/८० आर १७चा ६४८, म्हणजे फरक दीड टक्क्याच्या आत. टी १२५/८० आर १७चा ६३२, फरक जवळजवळ चार टक्के. टी १२५/७० आर १७चा ६०७, साडेसात टक्क्यांहून जास्त. शेवटची स्टेपनी कोणी फुकट दिली तरी मी घेणार नाही. व्यासात इतका फरक असला की एकाच अ‍ॅक्सलवरची दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात, इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलवर सतत ताण येतो आणि एबीएस, स्थिरता नियंत्रण या यंत्रणांना चाक घसरतंय असा भास होतो. हिशोब सोपा आहे: रुंदीला (पहिला आकडा) टक्केवारीने (दुसरा आकडा) गुणा, दुप्पट करा आणि रिमचे इंच गुणिले २५.४ त्यात मिळवा.

१६ इंची स्टेपनी स्वस्त मिळते, पण ब्रेकचं कॅलिपर आत मावतं का, हे बसवून बघितल्याशिवाय कळत नाही. मोठे ब्रेक असलेल्या मॉडेलला ती घासते. म्हणून १७ इंचीच बघा. आणि बोल्ट तपासा. या गाड्यांना हबवर स्टड नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातात. तुमच्या पिढीला एम १४ बोल्ट आहेत, आधीच्या ई९०ला एम १२ होते. लोखंडी स्टेपनीची बैठक अलॉयपेक्षा पातळ असू शकते. मग अलॉयचे बोल्ट आत जास्त खोल जातात आणि मागच्या बाजूला हँडब्रेकच्या भागांना लागू शकतात. तसं असेल तर आखूड बोल्टांचा वेगळा संच स्टेपनीबरोबरच बांधून ठेवा. बोल्टची बैठक शंकूच्या आकाराची असते. गोल बैठकीचे बोल्ट दिसायला सारखे असले तरी यात वापरायचे नाहीत.

जुनी स्टेपनी मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडच्या स्पेअरपार्ट बाजारात मिळू शकते, पुण्यातही जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे आहेत. तिच्यावर नक्षी शाबूत दिसेल कारण ती कोणी वापरलेलीच नसते, पण रबर न वापरताही म्हातारं होतं. बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपुढची असेल तर रिम घ्या, टायर नवा टाका. हवा साधारण ६० पीएसआय लागते, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट, आणि पंपावरचा पोरगा सवयीने ३२ भरून मोकळा होतो. नेमका आकडा टायरवर छापलेला असतो, तो दाखवून भरून घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी तपासाही.

स्टेपनी घरी आणली की पहिल्याच रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती पुढे एकदा आणि मागे एकदा बसवून बघा. हात लावून फिरवा, कुठे घासत नाही ना ऐका. हे केल्याशिवाय स्टेपनी आहे असं मी मानतच नाही. याच वेळी बाकीच्या उणिवा कळतात. रनफ्लॅटवर आलेल्या गाडीत बहुतेक वेळा जॅक नसतो, पाना नसतो. जॅक घेताना गाडीच्या खाली सिलला (दारांखालच्या कडेला) जे चौकोनी प्लॅस्टिकचे ठोकळे असतात त्यांत बसणारा पॅड घ्या, पत्र्याला जॅक लावलात तर पत्रा दबेल. १७ मिमीचा सॉकेट आणि लांब दांडा घ्या. चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला लॉक बोल्ट असेल तर त्याची चावी कुठे आहे ते आजच शोधा, सेकंडहँड गाडीत ती हमखास हरवलेली असते. बोल्टच्या भोकात तात्पुरती घालायची एक पिन मिळते. तिच्यावर चाक टांगून मग बोल्ट लावता येतात, नाहीतर एका हाताने चाक उचलून धरत भोकं जुळवताना घाम निघतो. घट्ट करायचं प्रमाण तुमच्या गाडीला १४० न्यूटन मीटर. रस्त्यावर अंदाजाने आवळा, पण पोचल्यावर टॉर्क रेंचने तपासून घ्या.

डिकीत ती नुसती टाकू नका, हे मला फार कळकळीने सांगायचंय. बारा-पंधरा किलोचं लोखंड आहे. गाडी जोरात आदळली तर ते मागच्या सीटची पाठ फोडून मुलांवर येऊ शकतं. डिकीच्या तळाला सामान बांधायचे लोखंडी हूक दिलेले आहेत. रॅचेटचा पट्टा रिमच्या भोकांतून ओवून तिथे आवळून बांधा. आडवी ठेवून वर जुनी सतरंजी टाकली की बॅगा वर राहतात. जागा जाते, त्याला इलाज नाही. याच्याबरोबर आणखी एक विचार आधीच करून ठेवा: पंक्चर झालेलं मोठं चाक कुठे ठेवणार? छोट्या स्टेपनीच्या जागी ते मावत नाही, आणि डिकी तर आंब्याच्या पेट्यांनी भरलेली. मी एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवतो. चाक तिच्यात घालून मागच्या सीटखाली पायांच्या जागेत किंवा सीटवर बेल्टने बांधून ठेवता येतं.

लावल्यावर वेग ८० किमीच्या आतच ठेवा, तसं स्टेपनीवरच लिहिलेलं असतं. पावसात मी साठच्या वर जात नाही, कारण तो अरुंद टायर भिजलेल्या रस्त्यावर ब्रेक लावताना खूप कमी धरतो. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते. मागचं चाक गेलं तर पुढचं चांगलं चाक मागे घ्यावं आणि छोटी पुढे लावावी, असं बरेच जण सांगतात. व्यासात फरक जास्त असेल तर ते योग्यच आहे. पण तुमची स्टेपनी दीड टक्क्याच्या आतली असेल, अंधार असेल आणि बाजूने ट्रक जात असतील, तर दोनदा जॅक लावत बसण्यापेक्षा सरळ मागे लावा आणि हळू जवळच्या गावापर्यंत जा. रस्त्याच्या कडेला वाकून घालवलेली जास्तीची वीस मिनिटं मला डिफरन्शियलपेक्षा धोक्याची वाटतात. एक्सड्राइव्हवाल्यांनी मात्र हे करू नये, चारही चाकं चालवणाऱ्या गाडीला व्यासातला फरक सोसत नाही.

कायद्याची काळजी असेल तर, १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांनुसार टायर प्रेशर यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही.

आता वहिनींबद्दल. त्यांनाही एकदा पार्किंगमध्ये चाक बदलायला लावा, जमतं. पण हायवेवर एकट्या असताना, तेही उजव्या बाजूचं चाक असेल, तर त्यांनी बदलत बसू नये. इंडिकेटर लावायचे, गाडी जमेल तितकी डावीकडे घ्यायची, त्रिकोण मागे लांब ठेवायचा आणि स्वतः कठड्यापलीकडे उभं राहायचं. पुणे-सातारा हा राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे, त्यावर १०३३ला फोन लागतो. कोकणातल्या ६६वरही तोच नंबर. एक्सप्रेसवे मात्र राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे, त्याची हेल्पलाइन वेगळी. तो नंबर रस्त्यावरच्या फलकांवर असतो, दोघांच्याही फोनमध्ये आधीच साठवून ठेवा. त्या एकट्या जाणार असतील त्या दिवशीही स्टेपनी आणि जॅक गाडीतच असू द्या. मदतीला आलेल्या माणसाकडे पाना असेल, पण १२०च्या वर्तुळाचं चाक नसेल.