हायलुरॉनिक ॲसिडने पन्नाशीनंतरच्या सुरकुत्या जातात का?

पन्नाशीनंतर हायलुरॉनिक ॲसिडचं (त्वचेत मुळातच असणारा, पाणी धरून ठेवणारा पदार्थ) सीरम लावून सुरकुत्या जातील का आणि त्याऐवजी साधं ग्लिसरीन चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी त्वचेची क्रीम बनवण्याच्या कामात आहे. खोल सुरकुत्या याने जात नाहीत. कोरडेपणामुळे उमटलेल्या बारीक रेषा मात्र बऱ्याच पुसट होतात. आणि ग्लिसरीन नुसतं चालेल असं नाही, मी आधी तेच सुचवेन.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो, जाडी जेमतेम मिलिमीटरचा पन्नासावा भाग. शरीरातलं पाणी उडून जाऊ न देण्याचं काम तोच करतो. त्या पेशींत अमिनो ॲसिड, लॅक्टेट, युरिया असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ मुळातच असतात आणि पेशींमधल्या फटी सेरामाइडसारख्या स्निग्ध पदार्थांनी बुजलेल्या असतात. वयाबरोबर हे दोन्ही घटतं. रजोनिवृत्तीनंतर तेलग्रंथीही मंदावतात. मग थर ताठर होतो. शिवाय जुन्या पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमना पाणी लागतं. ते पुरेसं नसलं की पेशी नकळत गळून न जाता पापुद्र्यांनी सुटतात. वयस्कर त्वचा निस्तेज आणि खरखरीत वाटते ती बरीचशी यामुळे. लोक याला सुरकुत्यांइतकं महत्त्व देत नाहीत, पण खाज आणि चिरा इथूनच सुरू होतात.

ग्लिसरीनचा रेणू लहान असतो, त्यामुळे तो या थरात मुरतो आणि तिथे पाणी धरून ठेवतो. हायलुरॉनिक ॲसिडचा रेणू बहुधा खूप मोठा असतो. तो वरच राहून ओलसर पातळ पडदा तयार करतो. स्पर्श छान लागतो, पण आतल्या थरांत वयानुसार कमी झालेलं हायलुरॉनिक ॲसिड त्याने भरून निघत नाही. ‘वजनाच्या हजारपट पाणी धरतं’ या जाहिरातीवर तर अजिबात जाऊ नका; बाटलीतलं सीरम मुळात बहुतांश पाणीच असतं.

नडग्या आणि टाचांसाठी ५ ते १० टक्के युरियाचं क्रीम उत्तम. चिरा पडल्या असतील तर ते झोंबतं, तिथे आधी पेट्रोलियम जेली लावा.

लावण्याची वेळही महत्त्वाची आहे. अंघोळीनंतर अंग टिपून घ्या आणि त्वचा किंचित ओली असतानाच लावा. नुसतं सीरम लावून थांबू नका, वरून स्निग्ध क्रीम हवंच. हवा फार कोरडी असेल तर नुसतं सीरम खालच्या थरातलं पाणी वर ओढतं आणि ते उडून जातं. निखळ ग्लिसरीनही थेट चेहऱ्यावर लावू नका, क्रीममध्ये मिसळलेलं घ्या.

खोल सुरकुत्यांचं मुख्य कारण ऊन. त्यासाठी रोज सनस्क्रीन, आणि झेपत असेल तर रात्री रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध. रेटिनॉइडने त्वचा कोरडी पडते, तेव्हा हेच ग्लिसरीनचं क्रीम सोबत ठेवा. मधुमेह असून पायांना भेगा पडत असतील तर मात्र क्रीम बदलत बसू नका, डॉक्टरांना पाय दाखवा.