अमेरिकेत राहून वडिलांचा पुण्यातला फ्लॅट विकला, तर कर कुठे आणि किती?

हो, विक्री दोन्ही देशांत दाखवावी लागेल. पण पैसे जातील ते मुख्यतः भारतात. मी न्यू जर्सीत राहतो आणि गेल्या वर्षी वडिलांचा डोंबिवलीतला फ्लॅट विकताना यातून गेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय की कोथरूडचा फ्लॅट वडिलांनी १९९६ मध्ये घेतला, २०१९ मध्ये ते गेले आणि आता तो तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे अमेरिकेला तुमचं जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. घोळ होतो तो इथे, की एकाच फ्लॅटचा नफा दोन देश वेगवेगळा मोजतात. भारतात वडिलांची खरेदी किंमत तीच तुमची. खरेदी २००१ च्या आधीची असल्यामुळे त्याऐवजी १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. अमेरिकेत मात्र वडील गेले त्या दिवशीची किंमत हीच तुमची खरेदी किंमत.

समजा, २००१ चा भाव ८ लाख, २०१९ चा ७५ लाख आणि आता विक्री १ कोटीला. भारताच्या हिशेबात नफा ९२ लाख. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, आणि महागाईची वजावट घेण्याचा पर्याय अनिवासींना नाही. अधिभार आणि सेस धरून साधारण १३.१५ लाख होतात. अमेरिकेत ७५ लाखांचे डॉलर २०१९ च्या दराने करायचे, १ कोटीचे विक्रीच्या दिवसाच्या दराने. ७० आणि ८४ रुपये धरले तर नफा जेमतेम १२ हजार डॉलर. त्यावरचा १५ टक्के कर भारतात भरलेल्या कराच्या क्रेडिटमध्ये (भारतातला कर अमेरिकेच्या करातून वजा होतो, त्यात) सहज जिरतो. उत्पन्न जास्त असेल तर ३.८ टक्क्यांचा वेगळा कर लागतो, तो मात्र क्रेडिटने सुटत नाही.

म्हणूनच तुमच्या बाबतीत भारतातला कर वाचवणं खरंच फायद्याचं आहे. स्वतः विकत घेतलेलं घर असतं तर भारतात वाचवलेला कर बहुधा अमेरिकेने घेतला असता. सहा महिन्यांच्या आत ५० लाखांचे आरईसी किंवा पीएफसी या सरकारी कंपन्यांचे भांडवली नफ्याचे बाँड घेतले, तर तेवढ्या नफ्यावर कर लागत नाही आणि वरच्या उदाहरणात कर साडेपाच लाखांच्या आत येतो. पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याजावर कर आहेच, तरी मी घेतले.

टीडीएसकडे (खरेदीदाराने पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आमच्या एजंटने खरेदीदाराला सांगितलं, "एक टक्का कापा." तो नियम निवासी विक्रेत्यासाठी आहे. अनिवासी विक्रेता असेल तर कमी कपातीचा दाखला नसताना खरेदीदार पूर्ण किमतीवर कापतात. १ कोटीवर १४.३० लाख. कमी कापलं तर नोटीस खरेदीदाराला जाते. आमचा खरेदीदार इतका घाबरला की व्यवहार मोडता मोडता राहिला, आणि मला मनापासून वाईट वाटलं, कारण बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. टोकन घेण्याआधीच सीएकडून आयकर खात्यात दाखल्यासाठी अर्ज करा. त्याला वेळ लागतो.

अजून एक, जे फार थोडे लोक सांगतात. परदेशी व्यक्तीकडून १ लाख डॉलरहून जास्त वारसा मिळाला तर अमेरिकेत फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर शून्य, पण न भरल्याचा दंड मोठा. २०१९ मध्ये तुम्ही अमेरिकेचे करदाते होतात आणि तो राहून गेला असेल, तर विक्रीच्या आधी तिथल्या सीपीएशी (अमेरिकेतल्या सीएशी) बोला. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यात) येतील तेव्हा एफबारही, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकेतला फॉर्म, भरावा लागेल.

पण सगळ्यात आधी सरकारमान्य व्हॅल्युअर गाठा आणि एकाच फेरीत दोन अहवाल मागा: एक १ एप्रिल २००१ चा, दुसरा वडील गेले त्या तारखेचा. मागच्या तारखेचा अहवाल मिळतो. फ्लॅट अजून तुमच्या ताब्यात आहे तोवरच हे उरकून घ्या. नवा मालक आत राहायला आला की व्हॅल्युअरला घर दाखवणं अवघड होतं.